चौथीतले आठ दिवस

अण्णा, तुम्ही माझं वय चौदा महिन्यांनी वाढवून ठेवलंत आणि मरेपर्यंत मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. कमाल आहे तुमची! आज सकाळी मी वॉर्ड ऑफिसात गेले होते. तुमची नात परदेशात आहे, तिला मला तिकडे बोलवायचंय, आणि तिकडच्या लोकांना शाळेचा दाखला चालत नाही, जन्माचाच लागतो. खिडकीपलीकडे एक क्लार्क मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "मॅडम, या तारखेला तुमच्या आईवडिलांच्या नावावर काहीच नाही." मी म्हटलं, अहो नीट बघा, एक जून. ती म्हणाली, "जून अख्खा बघितला, जुलै पण बघितला." मी वाद घालायच्या तयारीत होते, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तेवढ्यात तिने पुढच्या वर्षाचं रजिस्टर उघडलं आणि तिचं बोट थांबलं. "ही एक नोंद आहे बघा. वडील तेच, आई तीच, चाळीचा पत्तासुद्धा तोच. मुलगी. पण ही पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमधली आहे. तुम्हाला धाकटी बहीण होती का?"

मला बहीण नाही. मला एक मोठा भाऊ आहे, बस. एवढी वर्षं आपल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं राहिली आणि एक मूल होऊन गेलेलं मला कळलं नाही? मी तिथल्या बाकावर बसले. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, इतकं माझं तोंड उतरलं असणार. कुठल्या आजाराने गेली असेल, मी तेव्हा कुठे होते, आई कधीच कशी बोलली नाही, असलं सगळं मनात आलं. मग बोरीवलीला फोन लावला. आई दादाकडे असते, ब्याऐंशी पूर्ण झाली, कान अजून शाबूत आहेत.

"आई, मला धाकटी बहीण होती?"

"कोण मेलं बोललं तुला?"

"इथे रजिस्टरात आहे. ऑगस्टमधली."

"अगो, ती तूच! नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झालीस तू."

"मग एक जून?"

"ती शाळेची तारीख गो. मला औषधाच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं, तुला कुठे ठेवणार होते? दादा शाळेत जात होता, त्याच्याबरोबर तुला पण घातली. ह्यांनी सांगितलं, सहा पूर्ण. हेडमास्तरांनी एक जून टाकली. तेव्हा अर्ध्या चाळीची तारीख एक जूनच होती. तुला माहीत नाय? मला वाटलं ह्यांनी सांगितलं असेल."

आणि कुकरची शिटी झाली म्हणून तिने फोन ठेवला! म्हणजे मी पाच वर्षांचीसुद्धा नव्हते पहिलीत बसले तेव्हा. आपल्याकडे वाढदिवस वगैरे नव्हताच, पण दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आई नारळीभात करायची आणि मला पाटावर बसवून ओवाळायची. मी समजत होते, उद्या भावाला राखी बांधायची म्हणून आज माझे लाड. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं तो माझा वाढदिवस आहे, मला सोडून. दादालासुद्धा विचारलं मघाशी. तो म्हणाला, "मला वाटायचं तुला माहितीये यार." वाट लागली माझ्या डोक्याची. मी गणित शिकवते, अण्णा. तीस वर्षं पोरांना सांगतेय की आधी दिलेली माहिती तपासा, मग उत्तर काढा.

पण मी तुम्हाला लिहायला बसले ते तारखेसाठी नाही. तारीख गेली खड्ड्यात. मी बसलेय ते त्या 'नको'साठी. त्या एका नकारावरून मी तुमच्याशी जन्मभर जे वागले, त्याचं आता काय करायचं ते मला कळत नाहीये.

ऐंशी साल उलटून एखादं वर्ष झालं असेल. तुम्ही प्रेसमध्ये बाइंडर, दुपारी दोनच्या पाळीला जायचात. प्रेसमध्ये शाळेची गाईडं छापायचे आणि छपाईत बिघडलेले कागद तुम्ही घरी आणायचात. एका बाजूला शाई फाकलेली, दुसऱ्या बाजूला कोरे. चूल पेटवायला म्हणून आणायचात, पण आधी मी ते वाचायचे. तिसरीचं व्याकरण, चौथीचं गणित, मधलं पान नाही, शेवटचं पान उलटं. जे पान नसेल त्यात काय असेल ते मी तुम्हाला विचारायचे आणि तुम्ही म्हणायचात, "तूच सांग, काय असेल?" मी सांगायचे. दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रेसमधून ते पान शोधून आणायचात आणि माझं बरोबर निघालं की हसायचात. तुमच्या नखांत सुकलेली खळ असायची, तिचा वास अजून येतो मला. कागद कसे दुमडतात, कसे शिवतात, ते तुम्ही मला दाखवलंत. एकदा मी शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं होडी करायला, तेव्हा एकदाच तुम्ही माझ्यावर ओरडला होतात. "एक पान फाडलंस की पलीकडचं जोडीचं पान पण सुटतं. कळलं?"

तर दुसरी संपली आणि आमच्या बाईंनी तुम्हाला बोलावलं. म्हणाल्या, पोरीला डबल प्रमोशन देऊ या. तिसरी गाळायची, थेट चौथीत. म्हणजे चौथीची स्कॉलरशिप परीक्षा एक वर्ष आधी देईल, शाळेचं नाव होईल. शाळा उघडली की आठ दिवस तिला चौथीत बसवून बघू, जमलं तर अर्ज वर पाठवू. तुम्ही केवढे खूश झाला होतात! गॅलरीतून जाताना दर दारात सांगत गेलात. खालच्या मजल्यावरच्या काकांना तर दोनदा सांगितलंत. मला स्टेशनजवळच्या दुकानातून लाल वॉटरबॅग आणलीत, पांढऱ्या पट्ट्याची. आख्ख्या चाळीत तशी वॉटरबॅग नव्हती. आणि चौथीसाठी जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठ लावलेली वही बांधलीत. मी त्या दिवसांत जमिनीवर चालत नव्हते.

आता त्या आठ दिवसांचं. मी चौथीच्या पहिल्या बाकावर बसतेय, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. बाई विचारतात ते सगळं मला येतं, मी हात वर करते, मागच्या मुली कुजबुजतात. सुट्टीत त्या लंगडी खेळतात, मला घेत नाहीत, घेतलं तर मी पहिल्या फेरीत बाद. घरी येऊन मी सांगते, मस्त आहे चौथी, झकास आहे. तुम्ही प्रेसला जायच्या आधी मला भात वाढता आणि विचारता, "जमतंय ना?" मी म्हणते, "जमतंय म्हणजे काय, सोप्पं आहे." आई पहाटेच्या पाळीला गेलेली असते, दादा खेळायला पळालेला असतो. दुपारी बारा ते एक आपण दोघंच असतो घरात.

नवव्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आलात. मी दाराशी उभी होते, हेडमास्तरांच्या ऑफिसात, मला सगळं ऐकू येत होतं. हेडमास्तर म्हणाले, "पोरगी हुशार आहे, प्रश्नच नाही. या अर्जावर सही करा. आणि जन्माचा दाखला आणून द्या, वरचं ऑफिस मागतं. वर्गात वयाने एक वर्ष लहान होणार ना, म्हणून." तुम्ही पेन उघडलेलं होतंत. ते तुम्ही बंद केलंत. हे मला इतकी वर्षं लख्ख आठवतंय, पेनाचं टोपण लागल्याचा आवाजसुद्धा, आणि तरी माझ्या या गणिती डोक्याने कधी दोन आणि दोन चार केले नाहीत.

"नको गुरुजी. राहू दे."

"का हो?" बाई म्हणाल्या.

"मुलीच्या जातीला एवढी घाई कशाला? कितीही शिकली तरी शेवटी चूलच ना."

बाई तुमच्याकडे बघतच राहिल्या. कालपर्यंत हाच माणूस शाळेच्या पायऱ्यांवर पेढे वाटायला निघाला होता. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." तुम्ही मान खाली घातलीत, माझं दप्तर उचललंत, वॉटरबॅग उचललीत आणि चालू लागलात. मी घरापर्यंत भोकाड पसरून रडत आले. रस्त्यावरचे लोक बघत होते, आणि तुम्ही दोन पावलं पुढे चालत होतात. मागे वळून बघितलं नाहीत.

ते वाक्य मी सोडलं नाही, अण्णा. तुम्ही एकदा बोललात, मी हजार वेळा. दुसऱ्या दिवसापासून तिसरीत बसले, पहिली आले, पुढच्या वर्षी चौथीत स्कॉलरशिपही मिळवली. त्या निकालाच्या दिवशी तुम्ही जवळ घ्यायला आलात तेव्हा मी म्हटलं, "चूल पेटवायला उपयोगी पडेल." एवढीशी पोर मी, बोलणं बघा! तुम्ही बिघडलेले कागद आणत राहिलात, आणि मी त्यांना हात लावायचं सोडलं. ते सरळ चुलीत जायला लागले. बारावीनंतर काय करायचं ते मी तुम्हाला विचारलं नाही. नोकरी लागली ते तुम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. घरात काहीही विषय निघाला की माझं ठरलेलं, "मुलीच्या जातीला काय कळतंय, नाही का अण्णा?" तुम्ही पेपर वाचत असायचात. पेपर थोडा वर जायचा, बस.

आणि तो सत्कार. चाळीच्या मंडळाने ठेवला होता, मी कॉलेजात शिकवायला लागले म्हणून. पताका, माईक, शाल, नारळ. चाळीतलं एकूण एक माणूस हजर होतं. मी माईकवर काय बोलले ते तुम्हाला आठवत असेलच. "मला डबल प्रमोशन मिळणार होतं, पण माझ्या स्वतःच्या वडिलांनी हेडमास्तरांना सांगितलं की मुलीच्या जातीला शेवटी चूलच. आज मी त्यांना सांगते, बघा, चूल नाही, फळा आहे." काय टाळ्या पडल्या! बायका डोळे पुसत होत्या. तुम्ही दुसऱ्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसला होतात, आणि लोक मान वळवून तुमच्याकडे बघत होते. तुम्हीही टाळ्या वाजवत होतात. मी बघितलं, नीट बघितलं, आणि मला वाटलं, किती निर्लज्ज आहे हा माणूस. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "माईक छान धरलास." त्यानंतर दीड वर्षात तुम्ही गेलात.

संध्याकाळी मी आईला परत फोन केला. मला राहवेना. म्हटलं, आता कुकर बंद कर आणि नीट बोल. अण्णांची ती चुलीची वाक्यं खरी नव्हती का? ती चिडलीच. "खरी असती तर तुला चौदा महिने आधी शाळेत घातली असती? दाखला मागितला गो त्यांनी. आता काय सांगणार होते? खरी तारीख दिली असती तर तुला उचलून परत पहिलीत नसती बसवली? तोंडाला आलं ते बोलले. मला घरी येऊन म्हणाले, दुसरं काय सुचलंच नाही, जे चार लोक बोलतात ते बोललो, म्हणजे कोणी पुढे विचारणार नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला? तुझ्या पोटात पाणी राहत होतं का? दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेला सांगितलं असतंस."

"अगं, पण मोठी झाल्यावर?"

ती म्हणाली, "मोठी झाल्यावर तू त्यांच्याशी बोलत कुठे होतीस?"

तिलाच दया आली असेल, कारण मग ती मऊ आवाजात म्हणाली, "आणि दाखल्याचं तसं काय अडलं नव्हतं हो. खालच्या मजल्यावरचे ते, त्यांची ऑफिसात ओळख होती. ते बोलले होते, मी बघतो, दाखल्याशिवाय करून देतो, तुम्ही परत जा आणि सही करा. मी पण म्हटलं, करा. हेच 'नको' बोलले. म्हणाले, आठ दिवसांत मी तिचा स्कर्ट तीन वेळा धुतलाय. राहू दे तिला तिच्या वयाच्या पोरींत."

मी खाली बसले, अण्णा. फरशीवर. या वयात, माझ्या खऱ्या वयात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. अर्ज मंजूर होऊ शकत होता, तुमचं तोंड परत उजळ होऊ शकत होतं, आणि तरी तुम्ही गेला नाहीत. आणि मी सबंध चाळीसमोर, माईकवर, तुम्हाला... आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. एकदा तरी उठून ओरडायचं होतंत! "गप बस गं, तुला काय माहितीये" एवढं तरी म्हणायचं होतंत. तसं म्हणाला नाहीत, कारण मग स्कर्टचं सांगावं लागलं असतं. चारचौघांत मला खाली बघावं लागलं असतं. त्यापेक्षा तुम्ही स्वतः खाली बघितलंत.

मी हे तुम्ही चौथीसाठी बांधलेल्या त्या वहीत लिहितेय. आईने ती जपून ठेवली होती, मी लग्नानंतर माळ्यावर टाकली होती, आज शोधून काढली. पाठीचं कापड अजून घट्ट आहे. ही पानं मी फाडणार नाही, कुठे पाठवणार नाही, माझ्या मुलीलाही दाखवणार नाही एवढ्यात. तिलाही मी तुमची तीच गोष्ट सांगत आले आहे, चुलीची. तिच्यासमोर तोंड उघडायला मला जरा वेळ लागेल.

एक राहिलं. चौथीच्या मजल्यावरच्या संडासाची कडी फार वर होती. माझा हात पुरायचा नाही. दुसरीत असताना आम्ही मैत्रिणी एकमेकींसाठी दार धरून उभ्या राहायचो. चौथीत मी कोणाला सांगणार होते? मी सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत पाय आवळून बसायचे, आणि आठातले तीन दिवस ते जमलं नाही. घरी आल्यावर तुम्ही ओल्या स्कर्टकडे बघितलंत आणि मी म्हटलं, वॉटरबॅग सांडली. तुम्ही म्हणालात, "हं. झाकण नीट लावत जा." आणि मोरीत बसून स्कर्ट धुतलात, आई यायच्या आत वाळत घातलात. दोन दिवसांनी परत तेच. परत वॉटरबॅग.

त्या दिवशी ऑफिसात तुम्ही 'नको' म्हणालात, तेव्हा मी भोकाड पसरलं खरं. पण त्याच्या आधी, अगदी आधी, तुमचं पेन बंद झालं तेव्हा, मला इतकं हलकं वाटलं होतं की काय सांगू. उद्या तिसरीत जायचं, उद्या कोणीतरी दार धरेल. मग मी रडले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि नंतरही, माईकवर सुद्धा.

वॉटरबॅग सांडली नव्हती, अण्णा.